बैलाचा जोर मोजणारा कारखानदार

मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत १८८५ मध्ये सोळा वर्षांचा एक मुलगा चित्रकला शिकायला आला. बेळगाव जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरचा हा मुलगा. वडील काशिनाथपंत वेदान्ताचे जाणकार. घरात यंत्राचा किंवा कुंचल्याचा वारसा नव्हता. मुलाला पाठ्यपुस्तकांत गोडी नव्हती आणि हात मात्र सारखे काहीतरी करण्यात गुंतलेले. थोरल्या भावाने, रामूअण्णांनी, पाठिंबा दिला म्हणून तो मुंबई गाठू शकला. रेखाटनात त्याचा हात चांगला होता. रंगाला लागल्यावर मात्र अडचण उघडी पडली. त्याला काही रंगांमधला फरक कळत नव्हता. दोन वर्षांनी चित्रकलेचा नाद सोडावा लागला. त्या मुलाचे नाव लक्ष्मण काशिनाथ किर्लोस्कर.

रंग ओळखण्याचे काम डोळ्यांतल्या दृष्टिपटलावरच्या शंकूच्या आकाराच्या पेशी करतात. त्या तीन प्रकारच्या असतात आणि प्रत्येक प्रकार प्रकाशाच्या वेगवेगळ्या पट्ट्याला अधिक प्रतिसाद देतो. तिघींकडून आलेल्या संदेशांची तुलना करून मेंदू रंग ठरवतो. एखादा प्रकार जन्मतः नसला किंवा त्याचा प्रतिसाद सरकलेला असला, तर तुलना बिघडते. तांबडा-हिरवा गोंधळ हा यातला सर्वांत जास्त आढळणारा दोष. त्याची जनुके एक्स गुणसूत्रावर असल्याने तो पुरुषांत बऱ्याच अधिक प्रमाणात दिसतो. युरोपीय वंशाच्या पुरुषांत सुमारे ८ टक्के जणांत तो असतो, भारतात त्याहून कमी. मोठ्या संख्येने माणसांना तो आहे हेच ठाऊक नसते, कारण दृष्टी उत्तम असते, वाचता येते, लांबचे दिसते. नोकरीच्या वैद्यकीय तपासणीत ठिपक्यांच्या गोलातला आकडा वाचता आला नाही की मग घरी रडारड होते. हे ठिपक्यांचे तक्ते जपानच्या इशिहारांनी १९१७ मध्ये आणले. लक्ष्मणरावांच्या तरुणपणी ते नव्हतेच. स्वीडनमध्ये १८७५ साली झालेल्या एका रेल्वे अपघातानंतर रंगीत लोकरीच्या लडी जुळवायला लावण्याची परीक्षा युरोपात रूढ झाली होती, पण चित्रकलेच्या विद्यार्थ्याला ती कोण लावणार? त्याचा दोष कॅनव्हासवरच उघड व्हायचा.

या दोषावर आजही गोळी किंवा शस्त्रक्रिया नाही. करता येते ते एवढेच, की ज्या कामात रंग आडवा येत नाही ते काम शोधायचे. लक्ष्मणरावांनी नेमके तेच केले. यांत्रिक रेखाचित्राला रंग लागत नाही. रेघ, कोन, माप आणि प्रमाण एवढेच लागते. ते शिक्षण त्यांनी चालू ठेवले आणि पुढे व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये, म्हणजे आजच्या व्हीजेटीआयमध्ये, त्याच विषयाचे साहाय्यक शिक्षक झाले. शिकवता शिकवता कार्यशाळेत स्वतः राबून यंत्रे खोलणे, जोडणे, परदेशी मासिके वाचणे सुरू होते. १८८८ मध्ये बेळगावात भावांचे सायकलींचे दुकान निघाले. लक्ष्मणराव मुंबईहून सायकली पाठवायचे, रामूअण्णा त्या विकायचे आणि गिऱ्हाइकाला चालवायलाही शिकवायचे. किर्लोस्कर बंधू हे नाव त्या दुकानापासूनचे. १८९७ मध्ये बढतीच्या वेळी त्यांना डावलून अँग्लो-इंडियन सहकाऱ्याला जागा दिली गेली. त्यांनी नोकरी सोडली आणि बेळगाव गाठले.

तो काळ दख्खनला फार जड गेला. १८९६-९७ आणि १८९९-१९०० असे दोन मोठे दुष्काळ पाठोपाठ पडले. माणसे मेली, त्याआधी जनावरे मेली. साताऱ्याच्या माण-खटावात काय किंवा आज सांगली जिल्ह्यात असलेल्या आटपाडी-जतच्या पट्ट्यात काय, बैल गेला की शेत गेले हे वेगळे सांगायला नको. कडबा जपून वापरणे ही त्या काळची जगण्या-मरण्याची गोष्ट होती. अख्खी पेंडी टाकली तर जनावर पाला खाते आणि जाड धांडा तुडवून टाकते. बारीक कुट्टी केली की धांडाही पोटात जातो. लक्ष्मणरावांनी १९०१ च्या सुमारास बनवलेले पहिले शेतीयंत्र हे कडबा कापण्याचेच होते.

हे यंत्र दिसायला साधे. एक मोठे जड चाक, त्याला बसवलेली पाती, हाताने फिरवायचा दांडा, कडबा सारायचा खोका. त्यातली खुबी चाकाच्या वजनात आहे. धडधाकट माणूस तासन्‌तास काम करत राहिला तर त्याच्या स्नायूंतून सरासरी ७५ वॅट इतकीच शक्ती मिळते. म्हणजे अश्वशक्तीचा दहावा हिस्सा, जुन्या पिवळ्या दिव्याइतकी. खाल्लेल्या अन्नातली जेमतेम पाव ऊर्जा कामात येते, उरलेली उष्णता होऊन घामावाटे जाते. क्षणभर जोर लावायचा तर माणूस याच्या कितीतरी पट शक्ती देऊ शकतो, पण लगेच थकतो. कडबा कापताना नेमका असाच क्षणभराचा भार येतो. पाते पेंडीवर आदळते तेव्हा भरपूर जोर लागतो, नंतरच्या अर्ध्या फेऱ्यात काहीच लागत नाही. जड चाक त्या मोकळ्या वेळात माणसाची ताकद वेगाच्या रूपाने साठवते आणि काप घेताना एकदम सोडते. खांद्याला धक्का बसत नाही. चाक हलके केले तर माणूस दमतो, फार जड केले तर ते सुरूच होत नाही. पेंडी लहान घातली तर श्रम वाया, मोठी घातली तर चाक अडकते. कोणत्या ताकदीच्या माणसाला किती भार झेपेल हे ठरवल्याशिवाय अशा यंत्राचे चित्र काढता येत नाही.

या यंत्राने जनावरे जगवली तशी काही बोटेही घेतली, हे वैद्यकीय सदरात लपवण्यात अर्थ नाही. किर्लोस्करांचे असो की इतर कोणाचे, फिरते पाते आणि पेंडी सारणारा हात जवळ असतात, आणि भोवती मुले खेळत असतात. विजेची मोटार लागल्यावर धोका वाढला, कारण मोटारीला अडकलेली वस्तू धांडा आहे की मनगट हे कळत नाही. शेतीच्या धोकादायक यंत्रांचे नियमन करणारा केंद्राचा कायदा १९८३ मध्ये झाला, तो मुख्यतः मळणीयंत्रांच्या अपघातांमुळे. तुटलेले बोट स्वच्छ ओलसर कापडात गुंडाळून प्लॅस्टिकच्या पिशवीत घालावे, ती पिशवी बर्फावर ठेवावी आणि जखमी माणसाबरोबर तातडीने रुग्णालयात न्यावी. बोट थेट बर्फात टाकले तर ते जोडण्याच्या कामाचे राहत नाही. हळद, चहापूड, तंबाखू काहीही लावू नये.

कडबा कापण्याच्या यंत्रानंतर लोखंडी नांगर आला, १९०३ मध्ये. याच वर्षी त्यांचा मुलगा शंतनुराव जन्मला.

आपला जुना लाकडी नांगर जमीन फोडतो, पण पालटत नाही. त्याचे तास इंग्रजी व्ही अक्षरासारखे पडते आणि दोन तासांच्या मधे न नांगरलेला वरंबा राहतो, म्हणून आडवी-उभी नांगरट करावी लागते. काळ्या चिकण जमिनीत हरळी आणि कुंद्याची मुळी खोल असते. ती काढायला जड लाकडी नांगर आणि त्याला सहा-आठ बैल जुंपत. लोखंडी नांगराचे वळलेले पान मातीची पट्टी तळातून कापून उलथी टाकते. मुळ्या वर येतात, उन्हात वाळतात. हे फायदे खरे. पण शेतकऱ्याला पहिला प्रश्न पडतो तो वेगळा: हे ओढणार कोण?

या प्रश्नाचे उत्तर आकड्यांत देता येते. साधारण बैल सतत काम करताना आपल्या वजनाच्या दहाव्या हिश्शाइतका जोर देतो. ४०० किलोचा बैल असेल तर ४० किलो, जोडी असेल तर ८०. आता नांगराचे तास २० सेंटीमीटर रुंद आणि १५ सेंटीमीटर खोल धरा. कापल्या जाणाऱ्या मातीचा छेद ३०० चौरस सेंटीमीटर झाला. हलक्या जमिनीत दर चौरस सेंटीमीटरला पाव किलो जोर लागला तर एकूण ७५ किलो, एका जोडीचे काम. चिकण काळ्या रानात अर्धा किलो लागला तर १५० किलो, म्हणजे दोन जोड्या. तास ३० सेंटीमीटर रुंद आणि २० खोल केले की छेद दुप्पट होतो आणि त्याच काळ्या रानात चार जोड्या लागतात. त्यातही चार बैल म्हणजे दोन बैलांच्या दुप्पट ताकद नसते. सगळे एकाच क्षणी ओढत नाहीत, एखादा अंगचोर निघतो, आणि जू, साखळी, वळण यांत काही जोर मुरतो. ज्याच्याकडे एकच जोडी आहे त्याला मोठा नांगर फुकट दिला तरी तो बांधावर पडून राहणार. आणि हौसेने जुंपलाच तर बैलाच्या मानेवर आवाळू येणार.

म्हणून एकच उत्तम नांगर काढून भागणारे नव्हते. हलक्या रानाला वेगळा, काळ्या रानाला वेगळा, एका जोडीचा वेगळा, दोन-तीन जोड्यांचा वेगळा अशी नांगरांची मालिका लागते. पुढे किर्लोस्करांचे नांगर क्रमांकांनी ओळखले जाऊ लागले, ते याचमुळे. नांगराचा जो भाग झिजतो, तो फाळ, वेगळा काढून बदलता यावा लागतो, आणि तो शेतकऱ्याला जवळपास मिळावा लागतो. यंत्र विकण्यापेक्षा सुटे भाग पुरवणे हे काम त्या काळात अवघड होते. परदेशी नांगर इथे फारसे न रुजण्याचे एक कारण हेही होते.

तरी गिऱ्हाईक येईना. लोखंडाने जमिनीत विष उतरते, पीक जळते असा समज होता. पहिले सहा नांगर विकायला दोन वर्षे लागली. या समजुतीला अडाणीपणा म्हणून हसणे सोपे आहे. लोखंडाने माती विषारी होत नाही हे खरे. पण फार खोल नांगरून तळची निर्जीव माती वर आणली, तर पहिल्या हंगामात पीक कमी येऊ शकते, आणि उन्हाळ्यात उलटलेल्या रानातली ओल उडून जाते. दुष्काळातून नुकत्याच उठलेल्या माणसाच्या हाती एकच हंगाम असतो. तो जुगार का खेळेल? त्याच सुमारास, १८९७ च्या जानेवारीत, मुंबईत हाफकिन यांनी प्लेगची लस आधी स्वतःला टोचून घेतली होती, आणि तरी लोक सुईला घाबरत होते. नव्या गोष्टीचा फायदा पुढे दिसतो, तिची भीती आज वाटते. ती भीती जाहिरातीने जात नाही. शेजारच्या रानात एका नांगराने दोन पिके काढून दाखवली की जाते. नांगरांच्या बाबतीत तसेच झाले. आधी मोठ्या जमीनदारांनी घेतले, कारण त्यांच्याकडे बैल आणि धीर दोन्ही होते. एका जोडीच्या शेतकऱ्यापर्यंत ते उशिराच पोचले, हेही मान्य करायला हवे.

यंत्र आणि भार यांचा मेळ घालण्याचा हा प्रश्न जुना झालेला नाही. घरातले कपडे धुण्याचे यंत्र पाहा. पाणी घेण्याआधी आजचे यंत्र पिंप दोन-चार वेळा कोरडेच फिरवते. ते फिरायला मोटारीला किती जोर लागला यावरून कपड्यांच्या वजनाचा अंदाज बांधते आणि तेवढेच पाणी, तेवढाच वेळ ठरवते. जुन्या यंत्रांत दोन शर्टांनाही पूर्ण पिंपभर पाणी लागायचे. तरीही अर्ध्या भाराला अर्धी वीज लागते असे होत नाही, कारण पिंप फिरवणे, पाणी तापवणे आणि मोटारीतली तूट यांचा काही खर्च भार कितीही असला तरी होतोच. उलट ठासून भरले तर कपडे आतल्या आत हलत नाहीत, साबण सुटत नाही, मळ निघत नाही. समोरून दार असलेल्या यंत्रात कपडे वरून खाली आपटले पाहिजेत, तेव्हा ते धुतले जातात. घरात फार तर शर्टाच्या कॉलरवर डाग राहतो. रुग्णालयाच्या धुलाईत मात्र गोष्ट गंभीर होते. रुग्णांच्या चादरी गरम पाण्याने निर्जंतुक करायच्या तर सुमारे ७१ अंश सेल्सिअस तापमान २५ मिनिटे टिकावे लागते, आणि ते प्रत्येक घडीपर्यंत पोचावे लागते. ठासून भरलेल्या पिंपाच्या मधोमध असलेली चादर ओली होऊन बाहेर येते, स्वच्छ होतेच असे नाही. यंत्र मोठे की लहान, यापेक्षा त्यात टाकलेला भार त्याच्या मापाचा आहे का, हे आधी विचारावे लागते. लक्ष्मणरावांनी चाक, फाळ आणि पुढे पंप बनवताना हाच प्रश्न सोडवला. फरक इतकाच की आज भार मोजायला विजेची साधने आहेत, तेव्हा माणसाचा खांदा आणि बैलाची चाल पाहून अंदाज घ्यावा लागे.

नांगरांचा जम बसत होता तोच बेळगावच्या नगरपालिकेने गावाच्या विस्तारासाठी कारखान्याची जागा सोडायला सांगितले. ओतशाळा हलवणे म्हणजे दुकान हलवणे नव्हे. भट्टी, साचे, वजनदार यंत्रे आणि हाताखाली तयार झालेली माणसे, सगळेच उचलायचे. जायचे कुठे हा पेच होता. लक्ष्मणराव त्या वेळी औंधला देवीच्या मंदिराच्या मंडपाचे काम करत होते. साताऱ्याच्या औंध संस्थानची गादी १९०९ मध्ये बाळासाहेब पंतप्रतिनिधींकडे आली होती. बाळासाहेब स्वतः चित्रकार, आणि आरोग्याच्या वाचकाला त्यांचे नाव दुसऱ्याच कारणाने ठाऊक असेल: सूर्यनमस्कार शाळाशाळांत नेऊन त्यांचा प्रसार करणारे, त्यावर पुस्तक लिहिणारे राजे ते हेच. त्यांनी लक्ष्मणरावांना आपल्या संस्थानात जागा आणि १०,००० रुपयांचे बिनव्याजी कर्ज देऊ केले.

औंध संस्थान एकसंध नव्हते. तुकड्यातुकड्यांनी पसरलेले होते, आणि त्यातला कुंडलचा तुकडा आजच्या सांगली जिल्ह्यात येतो. तिथे कुंडल रोड नावाचे लहानसे रेल्वे स्टेशन होते. कारखान्याला कोळसा आणि कच्चे लोखंड आणायला रेल्वे हवी, म्हणून लक्ष्मणरावांनी स्टेशनाजवळची ३२ एकर जमीन पसंत केली. पसंत करण्यासारखे दुसरे काही तिथे नव्हते. सगळीकडे निवडुंग, मधूनमधून नाग, पाण्याची टंचाई. १० मार्च १९१० रोजी तिथे किर्लोस्करवाडीची सुरुवात झाली.

लक्ष्मणरावांच्या चरित्रात त्यांच्याबरोबरच्या माणसांची नावे न घेता पुढे जाणे अन्यायाचे ठरेल. रामूअण्णांनी वसाहतीची आखणी आणि व्यवस्था सांभाळली. शंभूराव जांभेकर यंत्रांतले जाणकार. के. के. कुलकर्णी पडेल ते काम करणारे व्यवस्थापक, मंगेशराव रेगे हिशेबाला. अनंतराव फळणीकरांची शाळा अर्धवट सुटली होती, पण यंत्रबुद्धी विलक्षण. राखणदारीला ठेवले ते तुकाराम रामोशी आणि पिऱ्या मांग, दोघेही दरोड्यांबद्दल शिक्षा झालेले. त्यांच्यावर विश्वास टाकला गेला आणि त्यांनी तो सांभाळला. वसाहतीत अस्पृश्यता पाळायची नाही हा नियम होता. १९१० मध्ये, आडरानात, पोटासाठी आलेल्या निरनिराळ्या जातींच्या माणसांकडून तो पाळून घेणे हे पोलाद ओतण्याहून सोपे नसावे.

कामगारांसाठी नीटनेटकी वस्ती बांधण्याचे प्रयोग तेव्हा जगात इतरत्रही चालू होते. इंग्लंडमध्ये साबणाच्या कारखान्याभोवती पोर्ट सनलाइट आणि चॉकलेटच्या कारखान्याभोवती बोर्नव्हिल उभे राहिले होते. तिथले मालक आधीच श्रीमंत होते. किर्लोस्करवाडीत कर्जाच्या पैशातून कारखाना आणि गाव एकदमच उभे करायचे होते. घरे, पाणी, शाळा, झाडे यांवरचा खर्च कारखान्याच्या नफ्याआधी येत होता. प्लेगची वर्षे अजून सरली नव्हती. दाट वस्ती, धान्याच्या कणग्या आणि उंदीर यांचे नाते डॉक्टरांना नुकते कळले होते. मोकळ्या रानात, अंतर ठेवून बांधलेली घरे ही त्या वेळची उत्तम आरोग्यव्यवस्था होती.

पहिल्या महायुद्धाने एकीकडे परदेशी मालाची आवक थांबवली आणि दुसरीकडे लोखंड-कोळशाचा तुटवडा केला. मागणी वाढली आणि माल बनवणे अवघड झाले. त्यातून निभावून १९२० मध्ये किर्लोस्कर ब्रदर्स ही मर्यादित कंपनी झाली. त्याच वर्षी पुतणे शंकरराव यांनी कारखान्याच्या वाडीतून किर्लोस्कर मासिक सुरू केले. त्याची कथा वेगळी आणि मोठी आहे. नांगरांबरोबर आता उसाचे चरक, भुईमुगाच्या शेंगा फोडण्याची यंत्रे, हातपंप बाहेर पडत होते. १९२६ च्या सुमारास सेंट्रिफ्युगल पंप आला. शंतनुराव अमेरिकेतल्या एमआयटीतून यंत्रशास्त्र शिकून त्याच वर्षी पदवीधर झाले होते.

पंप हे भाराच्या गणिताचे सर्वांत चांगले उदाहरण. एक एकर रानाला पाच सेंटीमीटर पाणी द्यायचे तर सुमारे दोन लाख लिटर लागते. विहिरीतले पाणी दहा मीटर खाली आहे असे धरा. हातपंपावर माणूस दमेपर्यंत राबला तरी इतक्या खोलीवरून मिनिटाला २५ लिटरच्या आसपासच उपसू शकतो, म्हणजे एका एकराला १३० तासांहून जास्त. हातपंप घराला आणि परसातल्या वाफ्याला ठीक. बैलांची मोट एका खेपेला सव्वाशे लिटर आणते असे मानले तर १,६०० खेपा, म्हणजे मिनिटाला एक खेप काढली तरी २६-२७ तास. बैल धावेवरून खाली जातात, मोट थारोळ्यात रिकामी होते, मग बैल उलट पावली वर येतात. मोटकरी खाली जाताना नाड्यावर बसून वजन टाकतो, पहाटेपासून ऊन चढेपर्यंत. तीन अश्वशक्तीचा पंप सेकंदाला दहा लिटर टाकतो आणि हेच काम साडेपाच तासांत होते. कंबर, खांदे आणि बैलांची मान यांना मिळालेली ही सुटी कोणत्याही वैद्यकीय अहवालात नोंदली गेली नाही, पण ती थोडी नव्हती.

मात्र पंप मापाचा हवा. किती पाणी आणि किती उंची, या दोन आकड्यांनी पंप ठरतो. प्रत्येक पंपाचा एक असा बिंदू असतो जिथे तो कमीत कमी ऊर्जेत जास्तीत जास्त पाणी देतो. त्याच्या दोन्ही बाजूंना कार्यक्षमता उतरते. शेजाऱ्याने पाच अश्वशक्तीचा घेतला म्हणून आपण साडेसातचा घ्यायचा, ही हौस अर्ध्या भरलेल्या धुलाईयंत्रासारखी महाग पडते. शिवाय पंप काठावर ठेवून खोल विहिरीतले पाणी ओढता येत नाही. हवेचा दाब समुद्रसपाटीला पाण्याचा साधारण १०.३ मीटरचाच स्तंभ पेलतो. सातारा-सांगलीच्या उंचीवर त्याहून थोडा कमी, आणि प्रत्यक्षात सहा-सात मीटरच मिळतात. म्हणून जुन्या विहिरींत आतल्या बाजूला ओटा बांधून त्यावर पंप बसवलेला दिसतो. पाण्याची पातळी उन्हाळ्यात खाली गेली की तोच पंप गुरगुरतो आणि पाणी सोडतो. बिघाड पंपात नसतो, भार बदललेला असतो.

या पंपांनी कृष्णाकाठचा ऊस वाढवला आणि कोरड्या तालुक्यांत विहिरी भराभर आटवल्या. दोन्ही खरे आहे. लक्ष्मणरावांच्या हयातीत दुसऱ्या गोष्टीची चाहूल फारशी लागली नव्हती. यंत्राला किती भार द्यायचा हे कारखान्यात ठरवता येते. विहिरीला किती भार द्यायचा हे गावाने ठरवायचे असते, आणि ते गणित अजून आपल्याला जमलेले नाही.

१९४८ मध्ये गांधीजींच्या हत्येनंतर उसळलेल्या दंगलीत किर्लोस्करवाडीच्या कारखान्याला आग लावली गेली. लक्ष्मणराव तेव्हा ७८ वर्षांचे होते. कारखाना पुन्हा उभा राहिला. तोपर्यंत कुटुंबाचे उद्योग हरिहर, बंगळूर आणि पुण्यात पसरले होते, पण पंप वाडीतच बनत राहिले. २६ सप्टेंबर १९५६ रोजी लक्ष्मणराव वारले. २० जून १९६९ रोजी, त्यांच्या जन्माला १०० वर्षे झाली त्या दिवशी, टपाल खात्याने त्यांच्या नावाचे तिकीट काढले. कुंडल रोड हे नाव त्याच्या कितीतरी आधी मागे पडले होते. पुणे-मिरज मार्गावरच्या त्या स्टेशनाच्या पाटीवर किर्लोस्करवाडी असे लिहिलेले आहे.